इंद्रायणीचे पाणी, व्होल्टाचे पाणी आणि स्वावलंबनाचा हिशेब

#थ्रेड

१/
मावळातील कुरवंडे हे घाटमाथ्याच्या अगदी कडेवरचे गाव. पलीकडे नागफणीचा सुळका आणि त्याखाली कोकण. देहू आणि आळंदी ज्या नदीच्या काठी वसली, त्या इंद्रायणीचा उगम याच परिसरात होतो. उगमापासून फार दूर न जाता तिचे बरेचसे पाणी धरणांत अडते आणि पूर्वेला भीमेकडे जाण्याऐवजी पश्चिमेला, कड्याखालच्या खोपोलीकडे सोडले जाते. हे पाणी कुणी वळवले, कुणाच्या पैशाने वळवले आणि कुणाची संमती घेऊन वळवले? या तीन प्रश्नांचा आफ्रिकेशी फार जवळचा संबंध आहे.

२/
'आफ्रिकेला स्वातंत्र्य पेलले नाही' हे वाक्य मराठी चर्चांत सहज उच्चारले जाते. राज्यकर्ते भ्रष्ट, खाणी परक्यांच्या हाती आणि धरणे कर्जात बुडालेली, असा त्याचा विस्तार असतो. याचे उत्तर देणारा दुसरा पक्ष सगळे पाप युरोपच्या माथी मारून मोकळा होतो. दोन्ही पक्षांचे गृहीतक मात्र एकच असते: पैसा आणि सत्ता स्वकीयांच्या हाती आली की स्वावलंबन साधते. कुरवंड्याच्या पंचक्रोशीचा इतिहास हे गृहीतक टिकू देत नाही.

३/
प्रथम 'आफ्रिकी माणसाला राज्य चालवता येत नाही' या समजुतीविषयी. ज्यांच्या पूर्वजांची शेते मलिकंबरी धाऱ्याने आकारली गेली, त्यांनी तरी असे म्हणू नये. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अनेक हातांतून फिरत दख्खनेत आलेला माणूस. सतराव्या शतकाच्या आरंभी मोडकळीस आलेली निजामशाही त्याने पाव शतक मोगलांपुढे उभी ठेवली. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि त्या नगराला भूमिगत नहरींनी पाणी पुरवले.

४/
त्याचे सर्वांत टिकाऊ काम जमिनीच्या महसुलाचे. जमिनीची प्रत पाहून धारा ठरवणे, गावाच्या पाटलाला जबाबदार धरणे आणि रयत जमीन सोडून पळणार नाही इतकाच बोजा ठेवणे, या तत्त्वांवर त्याची घडी बसली होती. १६२६ मध्ये तो वारला. त्याची पद्धत नंतरच्या राज्यकर्त्यांना आधार म्हणून उपयोगी पडत राहिली. मालोजी आणि शहाजी भोसले ज्या राजकारणात घडले, त्याच्या केंद्रस्थानी हा हबशी वजीर होता. राज्य चालवण्याची अक्कल एखाद्या खंडाला असते आणि दुसऱ्याला नसते, हा विचार मराठी मुलखाच्या इतिहासातच खोटा ठरलेला आहे.

५/
आता कुरवंड्याकडे. १६६१च्या फेब्रुवारीच्या आरंभी शाइस्तेखानाने धाडलेला उझबेग सरदार कारतलबखान पुण्याहून निघून कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. बरोबर मोठी फौज, अवजड सामान आणि माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबागन ही कर्तबगार स्त्री. घाट उतरून ही फौज उंबरखिंडीच्या दाट रानात शिरली आणि अडकली. पुढची वाट बंद, मागची वाट बंद, पाणी नाही, हालचालीला जागा नाही. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरण जाऊन, सामान टाकून सुटका करून घेतली.

६/
या विजयाचे गोडवे बरेच गायले जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्याचे मर्म लक्षात घ्यावे. खानापाशी द्रव्य होते, शस्त्रे होती, माणसे होती. रान कुठे दाट आहे आणि पाणी कुठे आहे हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. शिवाजी महाराजांचे बळ स्थानिक माहितीत आणि ती माहिती असलेल्या मावळ्यांच्या विश्वासात होते. या मुलखाचे स्वावलंबन कशावर उभे राहिले, याचे उत्तर उंबरखिंडीत मिळते: जो येथे राहतो त्याला विचारल्याशिवाय येथे काही होत नसे.

७/
दोनशे वर्षांनी याच डोंगरात परकीय भांडवल उतरले. बोरघाटातील रेल्वे १८६३ मध्ये खुली झाली. जगातल्या त्या काळच्या अवघड बांधकामांत तिची गणना होते, आणि ते बांधताना पटकी, ताप आणि अपघात यांत हजारो मजुरांचे प्राण गेले. ज्या कंपनीने ती बांधली त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या लंडनमधील भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून, भरून निघे.

८/
ही व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढे आफ्रिकेतही तिचीच रूपे दिसतात. धोका रयतेचा, नफा भागधारकाचा. कंपनीला काटकसरीची गरज उरत नाही, कारण खर्च वाढला तरी परतावा ठरलेला असतो. रयतेला जाब विचारता येत नाही, कारण करार तिच्या नावाने झाला तरी तिच्या समोर झालेला नसतो. दादाभाई नौरोजींपासून न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंतच्या पिढीने जो आर्थिक विचार मांडला, त्यामागे अशा करारांचा अनुभव होता.

९/
त्यावरचा देशी उतारा मावळातच तयार झाला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. जपानमध्ये काचेचे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे पहिले तज्ज्ञ. येथे शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. कारखाना लहान होता. परंतु त्याच्या मालकीत पैसा देणाऱ्या प्रत्येकाचा वाटा होता आणि तंत्र परदेशातून शिकून घेण्याची लाज कुणी मानली नाही.

१०/
दुसरा प्रयोग याहून कितीतरी मोठा होता. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अडवून, कड्यावरून खाली सोडून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, ही जमशेटजी टाटा यांची दृष्टी. १९०४ मध्ये ते गेले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली. भांडवल लंडनऐवजी हिंदुस्थानात उभे राहिले. संस्थानिकांनी आणि देशी सावकारांनी भाग घेतले. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली.

११/
या कर्तृत्वाला कमी लेखणे अप्रामाणिक ठरेल. सुमारे ५०० मीटर उंचीवरून पाणी सोडून वीज निर्माण करणे हे त्या काळात धाडसाचे काम होते. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईला स्वच्छ शक्ती मिळाली. परकीय सत्तेखालच्या देशाने स्वतःच्या पैशाने एवढे काम उभे केले, हे स्वदेशीच्या चळवळीला बळ देणारेच होते. म्हणूनच पुढची गोष्ट महत्त्वाची ठरते. येथे पैसा स्वकीय होता, योजक स्वकीय होते, हेतू राष्ट्रीय होता. तरीही दहा वर्षांच्या आत याच डोंगरातील शेतकरी त्या कामाच्या वाटेत आडवे पडले.

१२/
लोणावळ्याच्या दक्षिणेला, मुळा आणि नीळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण बांधायचे ठरले. त्याखाली सुमारे पन्नास गावे जाणार होती. मावळ्यांची भातशेती, देवळे, स्मशाने, सारे पाण्याखाली. धरणासाठी चर खणण्याचे काम सुरू झाले तेव्हा अनेकांना आपली जमीन घेतली जात आहे याची रीतसर वर्दीही नव्हती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेकडो मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे नेते. याच लढ्याने बापटांना 'सेनापती' हे नाव दिले.

१३/
उंबरखिंडीनंतर २६० वर्षांनी मावळे पुन्हा आपल्या डोंगरात वाट अडवून बसले होते. या वेळी समोर मोगल नव्हते. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना कायद्याच्या हक्कावर अडून न राहता लोकांशी बोलणी करण्याचे आवाहन केले. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. सत्याग्रही तुरुंगात गेले. बायका-मुलांनीही मार खाल्ला. १९२४च्या अखेरीस बापटांनी कामाची आगगाडी अडवली, त्यात शस्त्र चालले, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरे झाले. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर चालू झाले.

१४/
कंपनीच्या हाती शस्त्र कोणते होते? १८९४चा भूसंपादन कायदा. इंग्रज सरकारने केलेल्या या कायद्यात 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणजे काय हे सरकारच ठरवी, आणि खासगी कंपनीसाठीही जमीन सक्तीने घेण्याची तरतूद त्यात होती. जमीनधारकाला किमतीवर वाद घालता येई. जमीन द्यायची की नाही, या प्रश्नावर त्याचा शब्द चालत नसे. स्वदेशी भांडवलाने परकीय राजाचा दंडुका उसना घेतला. ज्याच्या डोक्यावर तो पडला त्या शेतकऱ्याला दंडुक्याचा मालक आणि तो चालवणारा यांत फरक करण्याचे काही कारण नव्हते.

१५/
या लढ्याची दुसरी बाजूही दडवू नये. मुळशीतील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांतील अनेकांचे लक्ष धरण थांबवण्यापेक्षा मोबदला वाढवून घेण्याकडे लागले, आणि चळवळीत फूट पडली. कसणाऱ्या कुळाला जमीन हवी होती, सावकाराला रक्कम. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. तिच्या पराभवात परकीय सरकार, स्वदेशी कंपनी आणि स्वकीय सावकार या तिघांचाही हात होता. 'आपले विरुद्ध परके' या एका रेघेवर हा इतिहास बसत नाही.

१६/
'स्वदेशी' हा शिक्का किती काळ टिकला, तेही पाहण्यासारखे आहे. १९२९ मध्ये या जलविद्युत कंपन्यांच्या व्यवस्थापनात अमेरिकन अँड फॉरिन पॉवर ही अमेरिकी कंपनी भागीदार म्हणून आली. राष्ट्रासाठी म्हणून ज्यांची भातखाचरे बुडाली, त्यांना याविषयी कुणी विचारले नाही. त्याच डोंगरात १९४५ मध्ये इंग्रजांच्या नौदलाने आपले प्रशिक्षण केंद्र सुरू केले आणि त्याला नाव दिले 'एच.एम.आय.एस. शिवाजी'. राजा इंग्लंडचा, नाव छत्रपतींचे. पाटीवरच्या नावावरून सत्तेचा मालक ओळखता येत नाही, हे सांगण्यास कुरवंड्याच्या वाटेवरचे एवढे उदाहरण पुरेसे आहे.

१७/
आता व्होल्टा. खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली त्याच १९१५ साली पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट या इंग्रज वसाहतीत अल्बर्ट किट्सन या भूगर्भशास्त्रज्ञाने व्होल्टा नदीवर अकोसोंबो येथे धरण आणि त्याच्या विजेवर अ‍ॅल्युमिनियम, अशी कल्पना मांडली. १९५७ मध्ये ती वसाहत घाना या नावाने स्वतंत्र झाली. क्वामे एन्क्रूमा यांना या धरणात देशाच्या औद्योगिक स्वातंत्र्याचा पाया दिसला. जानेवारी १९६६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. मागे जे सरोवर भरले ते सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे. मानवनिर्मित जलाशयांत त्याहून विस्तीर्ण दुसरा नाही.

१८/
सौदा मात्र बोरघाटाच्या हमीची आठवण करून देणारा होता. कर्ज घानाचे, जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांच्याकडून घेतलेले. बरीचशी वीज जायची ती कैसर आणि रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपन्यांच्या टेमा येथील अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला, दीर्घ मुदतीच्या कराराने, जगातील अत्यंत स्वस्त दरांपैकी एका दराने. घानात बॉक्साइटचे साठे असताना कारखाना बाहेरून आणलेल्या कच्च्या मालावर चाले. धरण घानाचे झाले. त्याचा पहिला लाभार्थी मात्र परदेशात राहिला. दर वाढवून घेण्यास घानाला १९८५ साल उजाडले.

१९/
आणि सरोवराखाली काय गेले? सुमारे ८०,००० माणसांची गावे. त्यांना नव्या वसाहतींत हलवण्यात आले. अनेक ठिकाणी शेतीला पुरेशी जमीन नव्हती, आणि अनेक कुटुंबे त्या वसाहती सोडून निघून गेली. ही सक्ती कुणा गोऱ्या गव्हर्नराची नव्हती. ती स्वातंत्र्याच्या नेत्याने, स्वातंत्र्याच्या नावाने केली होती. मुळशीच्या कुळाची आणि व्होल्टाकाठच्या शेतकऱ्याची गाठ पडली असती, तर एकमेकांना समजावण्यास त्यांना फार शब्द लागले नसते.

२०/
जाब विचारणारे घानात नव्हते असे नाही. पण १९५८ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याने खटल्याशिवाय वर्षानुवर्षे कोंडून ठेवण्याची सोय झाली होती. घानाच्या स्वातंत्र्याचे एक आद्य पुरस्कर्ते जे. बी. डांक्वा १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. १९६४ पासून देशात एकच पक्ष उरला होता. धरणाच्या उद्घाटनानंतर जेमतेम महिनाभरात, २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, लष्कराने सत्ता घेतली, आणि एन्क्रूमांच्या बाजूने रस्त्यावर फारसे कुणी उतरले नाही. ज्या जनतेला काही विचारायचे नाही असे ठरवले होते, ती जनता संकटसमयी धावून आली नाही.

२१/
याचा अर्थ परकीय हात हा बहाणा आहे, असा कुणी घेऊ नये. काँगोचे निवडून आलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचा खून जानेवारी १९६१ मध्ये झाला; त्यातील बेल्जियमची नैतिक जबाबदारी पुढे खुद्द बेल्जियमच्या सरकारने मान्य केली. खाणींसाठी बंडखोर प्रांत पोसणे, नको असलेले सरकार उलथवणे, कर्जाच्या अटींतून धोरणे लादणे, हे सारे घडलेले आहे. वाद इतकाच की, परकीयाला आत शिरण्यास दार लागते. ज्या देशात प्रजेला विचारले जात नाही, तेथे चार-दोन माणसांना वश केले की सारा देश हाती येतो. प्रजेचा आवाज ही घराच्या दाराची कडी आहे.

२२/
स्वावलंबनाचा सर्वांत प्रामाणिक उद्घोष टांझानियात झाला. ५ फेब्रुवारी १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात ज्युलियस न्येरेरे यांनी परकीय पैशावर विकास उभा राहत नाही, तो शेतकऱ्याच्या श्रमावर उभा राहतो, असे सांगितले. न्येरेरे साधे राहिले आणि १९८५ मध्ये स्वतःहून पद सोडून गेले. पण १९७३ नंतर लक्षावधी शेतकऱ्यांना ठरवून दिलेल्या गावांत सक्तीने हलवण्यात आले. कोणती जमीन कोणत्या पावसात काय देते, हे ज्याला ठाऊक होते त्याला कुणी विचारले नाही. उत्पादन घसरले, धान्य आयात करावे लागले, आणि स्वावलंबनाचा घोष करणारा देश परदेशी मदतीवर विसंबला.

२३/
उलट उदाहरण बोत्स्वानाचे. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातील अतिदरिद्री देशांत होता. पुढच्याच वर्षी हिरे सापडले. खाणीसाठी डी बिअर्स ही परकीय कंपनीच आली. भांडवल आणि तंत्र तिचेच. पण राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी आपल्या स्वतःच्या जमातीच्या प्रदेशातील खनिजहक्कही राष्ट्राच्या स्वाधीन केले, आणि सत्तरच्या दशकात करार पुन्हा मांडून सरकारचा हिस्सा निम्म्यावर नेला. निवडणुका नियमित झाल्या. 'कोटला' या गावसभेत अधिकाऱ्याने येऊन लोकांचे ऐकण्याची जुनी रीत टिकली. मराठी वाचकाला येथे आपली गोतसभा आणि गावाची पांढरी आठवावी.

२४/
बोत्स्वानाही निर्दोष नाही. मध्य कलहारीच्या अभयारण्यातून सान लोकांना तेथील सरकारने हुसकावले. फरक इतकाच की, ते न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे हटवणे बेकायदा ठरवले. परकीय भांडवल घेऊनही बोत्स्वाना परस्वाधीन झाला नाही. स्वावलंबनाची शपथ घेऊनही टांझानिया स्वाधीन झाला नाही. दोन्ही देशांत निर्णायक गोष्ट एकच होती: ज्याच्यावर निर्णयाचा भार पडतो त्याला 'नाही' म्हणता येते का, आणि ते 'नाही' कुणाला ऐकावे लागते का.

२५/
आता पुन्हा मावळ. १९४७ मध्ये राजा गेला. १८९४चा कायदा राहिला. त्याच कायद्याने स्वतंत्र भारतात धरणे, कारखाने, महामार्ग यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या. पवना धरणातील अनेक विस्थापितांचे पुनर्वसन दशकानुदशके रखडले. शेवटी २०१३चा नवा भूसंपादन कायदा आला, १ जानेवारी २०१४ रोजी लागू झाला, आणि खासगी कंपनीसाठी ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट त्यात घातली गेली. मुळशीच्या सत्याग्रहींनी मागितलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात येण्यास नव्वदहून अधिक वर्षे लागली. वर्षभराच्या आत वटहुकूम काढून ती अट सैल करण्याचा प्रयत्नही झाला. तो वटहुकूम २०१५ मध्ये बारगळला.

२६/
त्या दोन कायद्यांच्या मधली एक तारीख मावळ विसरलेला नाही: ९ ऑगस्ट २०११. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण ठार झाले. तो दिवस क्रांतिदिन होता. गोळी झाडण्याचा हुकूम देणारे राज्य परकीय नव्हते. मतपेटीतून आलेले होते. शहराला पाणी हवे होते, हे खरे. पण खोऱ्यातील माणसाशी आधी बसून बोलावे, हे १९२१ मध्ये सुचले नव्हते आणि २०११ मध्येही सुचले नाही. योजना त्यानंतर अनेक वर्षे जागीच अडून राहिली.

२७/
येथे एक आक्षेप हमखास येतो: प्रत्येकाला विचारत बसले तर देशात काही उभेच राहणार नाही. तो गंभीर आहे आणि त्याचे उत्तर अनुभवातूनच द्यावे लागते. बऊरची योजना विचारल्यामुळे रखडली नाही. न विचारल्यामुळे रखडली. टांझानियाची शेती सल्लामसलतीने बुडाली नाही, हुकमाने बुडाली. घानाने करारावर उघड चर्चा केली असती, तर कदाचित धरण दोन वर्षे उशिरा झाले असते आणि वीज वीस वर्षे स्वस्तात गेली नसती. विचारण्याचा खर्च एकदाच द्यावा लागतो. न विचारण्याचे व्याज पिढ्यान्‌पिढ्या चुकवावे लागते.

२८/
म्हणून 'आफ्रिकेला स्वातंत्र्य पेलले नाही' असे म्हणणाऱ्याने आधी इंद्रायणीच्या उगमापाशी उभे राहावे. येथे परकीय भांडवल येऊन गेले, स्वदेशी भांडवल आले, परकीय राज्य गेले, स्वराज्य आले. वरचे हात चार वेळा बदलले. खालच्या शेतकऱ्याला विचारण्याची रीत मात्र फार थोडी बदलली. व्होल्टाकाठी नेमके हेच घडले. दोन खंडांतील या सारखेपणाचे कारण माणसांच्या रंगात शोधण्याची गरज नाही. दोन्हीकडे स्वातंत्र्याच्या नव्या सरकारांनी परक्यांचे सिंहासन घेतले आणि परक्यांचे कायदेही जसेच्या तसे ठेवून घेतले.

२९/
स्वावलंबनाची कसोटी कुरवंड्यात आणि अकोसोंबोत सारखीच लावता येते. पैसा कुणाचा, हा पहिला प्रश्न नव्हे. पैसा तळेगावच्या फंडासारखा पैशापैशाने यावा, नाहीतर बोत्स्वानाप्रमाणे बाहेरून यावा. पहिला प्रश्न असा: करार गावासमोर वाचला गेला काय? नकार देणाऱ्याचे रक्षण कायदा करतो काय? दिलेला शब्द मोडला तर जाब विचारण्याची जागा आहे काय? ही तीन उत्तरे 'होय' असतील तर परक्याचे भांडवलही चाकरीला ठेवता येते. 'नाही' असतील तर स्वकीयांचे भांडवलही धनी होऊन बसते.

३०/
कारतलबखानाला कुरवंड्याचा घाट उतरताना वाट विचारण्याची बुद्धी झाली नाही. त्याची फजिती सांगताना मराठी माणसाची छाती भरून येते. पण नव्या धरणाचा, महामार्गाचा किंवा पाणीयोजनेचा नकाशा मंत्रालयात आखला जातो आणि मावळातल्या माणसाला तो नोटीस हाती पडल्यावर कळतो, तेव्हा खानाच्या जागी कोण उभे असते? उंबरखिंडीचा वारसा सांगणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. आफ्रिकेविषयी मत देण्याचा अधिकार त्यानंतरचा.